एका घरात चार प्यादी

"पटाले उधई लागली वं," ती फोनवर म्हणाली. "खालून पार भुसा झाला. येत्या गुरुवारी नको येऊ."

खरं सांगते, मला रडू आलं. आमच्याकडे वाळवीला उधई म्हणतात. ती दाराची चौकट खाते, पुस्तकं खाते, त्यात नवल काही नाही. पण तो आमचा बुद्धिबळाचा पट होता. साठीला आलेल्या बाईनं लाकडाच्या फळीसाठी डोळे पुसावेत हे हसण्यासारखंच आहे, पण मी पुसले आणि वरून तिलाच धीर दिला. म्हटलं, "जाऊ दे वं, पटाचं काय, दुसरा भेटंल. तू मनाले लावून नको घेऊ." पलीकडून तिनं घाईनं फोन ठेवला. मला वाटलं, तिलाही भरून आलं असेल. काय येडी होते मी!

ती म्हणजे माझी एकोणीस वर्षांपासूनची मैत्रीण. आसेगावकडच्या एका शाळेत आम्ही दोघी शिक्षिका होतो. मी गणिताची, ती मराठीची. राहायला दोघी मंगरुळपीरला, दोन गल्ल्यांच्या अंतरावर, त्यामुळे जाणं-येणं एकाच एसटीनं. बुद्धिबळ आम्ही शाळेतच शिकलो. खेळाच्या सामानात एक पुठ्ठ्याचा पट आला होता. पोरांनी आठ दिवसांत त्याचे दोन उंट आणि एक राजा हरवला. मग तो पट स्टाफरूमच्या कपाटात पडला आणि मधल्या सुट्टीत आमच्या हाती आला. राजाच्या जागी आम्ही खडू उभा करायचो. खडूला मात दिल्याचं समाधान काही वेगळंच असतं, पण किती दिवस?

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी कारंज्याला गेले आणि तिथल्या एका खराद्याकडून, म्हणजे लाकूड कातणाऱ्या कारागिराकडून, बत्तीस मोहरे करून घेतले. गोल, वजनदार, हातात घेतले की तळवा भरावा असे. काळे शिसमाचे, पांढरे हळदूच्या लाकडाचे. पट मी घेतला नाही, तो ती घेईल असं काही ठरलं होतं म्हणून नव्हे. मला सुचलंच नाही. आणि तिकडे ती अकोल्याला लग्नाला गेली होती, तिथून तिनं सागवानी पट आणला. मोहरे आणायचं तिलाही सुचलं नाही! शाळा उघडली त्या दिवशी दोघींनी एकमेकींना चकित करायला पिशव्या उघडल्या. इकडून मोहरे निघाले, तिकडून पट निघाला. हसून हसून आमच्या पोटात दुखलं.

मग मांडायला बसलो आणि हसू जरा कमी झालं. माझे मोहरे मोठे आणि तिचा पट लहान. राजाचं बूड घराच्या चारी रेघांना टेकायचं. वजीर शेजारी ठेवला की दोघांचे खांदे घासायचे. एखादा उंट उचलायला जावं तर शेजारचा हत्ती आडवा. ती म्हणाली, "दुसरा पट आणू काय वं?" मी म्हटलं, "काही नको. तू लगनातून इतक्या हौशीनं आणला. बसतीन दाटीवाटीनं."

दाटीवाटीनं बसले ते एकोणीस वर्षं. पण मोहरे पडायचे फार. एका डावात दहा-दहा वेळा पडायचे, आणि पडला की तो कुठं उभा होता हा प्रश्न आलाच. पहिल्या महिन्यात दोनदा भांडलो. दुसऱ्या भांडणानंतर एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली आणि मी चालकाच्या मागच्या सीटवर. मग आम्ही एक नियम केला. जिच्या हाताचा धक्का लागला तिनं पडलेला मोहरा उचलायचा नाही. समोरचीनं उचलायचा, आणि ती ठेवील ते घर खरं. विचारायचं नाही, भुवईसुद्धा वर करायची नाही.

शाळेतल्या बाकीच्या बायांना हे पटायचं नाही. "असं कुठी असते काय?" त्या म्हणायच्या. "अन तिनं खोटं ठेवलं तं?" मी म्हणायची, "खोटं ठेवाले ती काय परकी हाये?" हे मी मोठ्या तोऱ्यात म्हणायची. ती तिथंच बसलेली असायची, वह्या तपासत.

शाळेतून दोघी निवृत्त झाल्यावर मोहरे माझ्या घरी आले, स्टीलच्या लाडवाच्या डब्यात. पट तिच्या घरी गेला. "बरं झालं," मी तिला म्हटलं होतं, "पट तुह्याकडं, मोहरे माह्याकडं. चोरून दुसरीसंग खेळाचा सवालच नाई." आणि दर गुरुवारी चार वाजता मी डबा घेऊन तिच्या ओसरीवर जायची.

खेळात मी तिच्यापेक्षा वरचढ, हे लिहायला मला लाज नाही. गणिताची बाई आहे मी, मला पुढच्या चार चाली दिसतात. ती दहातले आठ डाव हरायची. पण हरली तरी हसायची, आणि तिच्या त्या हसण्याचं मला फार कौतुक होतं. शाळेत असताना एकदा ती चार-पाच महिने सलग हरली होती, आणि मग एका दुपारी तिनं मला घोड्यानं मात दिली. काय सुरेख मात! माझा हत्ती हलवताना धक्का लागून तिचा घोडा पडला होता, तिनं तो उचलून ठेवला, आणि पुढच्या चालीला तोच घोडा माझ्या राजाला शह देऊन उभा. मला इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. हरणाऱ्या बाईनं वाटलेले पेढे! मुख्याध्यापक म्हणाले, असं पहिल्यांदाच पाहिलं.

एक गोष्ट मात्र तेव्हा मी कोणाला सांगितली नव्हती. मला राहून राहून वाटत होतं की घोडा एक घर मागं होता. मग मी स्वतःलाच झापलं. म्हटलं, बाई, तुला आता दिसत नाही धड. त्याच आठवड्यात जाऊन डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, नंबर बदललेला नाही, डोळे उत्तम आहेत. मी म्हटलं, नीट पाहा. त्यांनी परत पाहिलं.

तर असा तो पट, आणि त्याला उधई लागली.

मी ठरवलं की आता पट मी करून घ्यायचा, आणि या खेपेला बरोबर मापाचा. तिला काही सांगायचं नाही. डबा पिशवीत घातला आणि सोमवारी कारंज्याची एसटी धरली. बायांना अर्धं तिकीट झाल्यापासून एसटीत उभं राहायला जागा मिळत नाही. डबा मी छातीशी धरून उभी होते आणि कंडक्टर दर वेळी विचारायचा, "मॅडम, अंडे हायेत काय?"

खरादी आता म्हातारा झालाय. त्याला सगळे चाचा म्हणतात, मीही म्हणते. मागे एकदा आमच्या घोड्याचा कान तुटला होता तेव्हा आम्ही दोघी मिळून त्याच्याकडे गेलो होतो, त्यामुळे तो दोघींनाही ओळखतो. मी डबा उघडला तसा त्यानं राजा उचलला, उलटा केला, बुडावर अंगठा फिरवला आणि स्वतःच्याच कामावर खूश झाला.

"पट कोनता घ्याचा ते मोहऱ्याईले विचाराचं असते मॅडम," तो म्हणाला. "पटाले नाई. राजाच्या बुडाले घराचे तीन हिस्से द्याचे, चौथा हिस्सा मोकळा सोडाचा. बोटं जायले जागा नको काय?"

त्यानं तीन पट काढले. पहिल्यावर माझा राजा ठेवला तर चहूबाजूंनी इतकी जागा उरली की बाजाराच्या दिवशी हरवलेल्या पोरासारखा दिसायला लागला. चाचानं डब्यातली प्यादी एका घरात बसवली; नेमकी चार मावली की माप बरोबर, असा त्याचा हिशेब. चार बसली, पाचवंही बसलं. "मोठा होते," म्हणून त्यानं पट बाजूला सारला. दुसरा मापाला बरोबर होता, पण त्याची काळी घरं शिसमाची होती. काळा उंट काळ्या घरात ठेवला आणि चाचा म्हणाला, "दूर होऊन पाहा." मी दोन पावलं मागं गेले तर उंट दिसेचना. वरून पॉलिश असं चकचकीत की खिडकीचा उजेड डोळ्यात जात होता. "नव्या पोरायले हेच पसंद येते," तो म्हणाला, "मंग अर्ध्या डावात डोळे चोळत बसतात."

तिसरा साधा होता. हलक्या अन गडद लाकडाचा, पण गडद म्हणजे काळा नव्हे, गुळासारखा. चमक नाही. चाचानं चार प्यादी एका घरात ठेवली. चारी जवळ जवळ उभी राहिली, कोणाचाही पाय रेघेबाहेर गेला नाही. पाचव्याला जागा नव्हती. मग राजा-वजीर शेजारी ठेवले, मी मुद्दाम हात घालून वजीर उचलला. राजा हललासुद्धा नाही.

"हाच," मी म्हटलं. आणि आनंदाच्या भरात बोलून गेले, "मैत्रिणीच्या पटाले उधई लागली ना चाचा, म्हणून ही खटपट."

त्यानं चष्म्यावरून पाहिलं. "कोनता पट? तो अकोल्याचा सागवानी?"

"हो, तोच."

"सागवानाले उधई?" तो हसला. "पक्क्या सागाले उधई तोंड नाई लावत मॅडम. अन तो तं दिवाळीत माह्या हातात होता. तुमच्या मॅडमच आलत्या घेऊन. म्हने, चाचा, याच्यावर बरोबर बसतीन असे लहान मोहरे करून द्या. असेच चार प्यादे बसवून पाह्यले ना मी. अजूनबी एकदम नयासारखा, कायची उधई?"

माझ्या तोंडातून काय निघावं? "हो हो, विसरलेच मी," असं म्हणाले. तिचं खोटं झाकलं मी! माझ्याच गळ्यावर पाय देऊन ती उभी, आणि मी तिचा पदर सावरून देतेय. चाचा पट वर्तमानपत्रात बांधत होता आणि मी त्याला विचारत होते की पॉलिश किती दिवसांनी करायचं.

परत येताना बसायला जागा मिळाली. पट मांडीवर आणि डबा त्याच्यावर ठेवला. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. दिवाळीपासून होळीपर्यंत मी दर गुरुवारी त्या ओसरीवर गेले, आणि घरात कुठंतरी दुसरे मोहरे ठेवलेले होते. दिवाळीनंतर ती गप्प गप्प असायची, भराभर हरायची, हे आता आठवलं. तेव्हा मी तिला म्हटलं होतं, बीपी तपास. खेळली त्याचं मला काही नाही, खेळ म्हणावं दहाजणींशी. पण उधई काहून? मी रडले तेव्हा ती फोनवर ऐकत होती. ऐकून घेतलं, आणि फोन ठेवून कोणासमोर तरी मोहरे मांडले असतील. गणिताची बाई मी, आणि सागाला वाळवी लागत नाही एवढं साधं मला सुचू नये!

गुरुवारी चार वाजता मी गेले. न सांगता, पट काखेत आणि डबा हातात.

ओसरीवर ती बसली होती, आणि समोर तिची जाऊ. जिच्या नावानं तिनं माझ्यासमोर एकोणीस वर्षं बोटं मोडली, ती जाऊ. मधे आमचा पट, धडधाकट, तेलपाणी केलेला.

"अव माय, तू?" ती अर्धी उठली.

"दिसून राह्यली मले उधई," मी म्हटलं. "दोन पायाची हाये. अन गाऊन घालून बसली."

जाऊ बिचारी चहाचं निमित्त करून आत गेली. तिचा काय दोष? मी तिच्या जागेवर बसले आणि पटाकडे पाहिलं. लहानसे, नाजूक मोहरे होते. प्रत्येक जण आपापल्या घराच्या मधोमध, कोणाचा कोणाला धक्का नाही. मी मेलेली चार प्यादी उचलली आणि एका रिकाम्या घरात ठेवली. बरोबर बसली. चाचाचा हात आहे, चुकायचा नाही.

"खेळाचं होतं तं खेळाचं," मी म्हटलं. आवाज चढला होता, चढू दिला. "मी काय तुले बांधून ठेवलं होतं? सांगतलं असतं, आता मले तुह्यासंग नाई खेळाचं, तं मी चार दिवस तणतणली असती अन गप बसली असती. खोटं काहून बोलली? अन मी रडली ते ऐकत बसली!"

ती खाली पाहून पदराचा काठ मुडपत होती. "मी तुह्या मोहऱ्याईले भेत होती," ती म्हणाली.

"मोहऱ्याईले?"

"ते पडत. अन पडले का तू हात मांगं घे अन माह्या तोंडाकडं पाहे. मी ठेवलं ते खरं. तू कधी एका शब्दानं विचारलं नाई." तिनं पदर सोडला. "मी खोटं ठेवलं वं. लय खेपा ठेवलं. हरून हरून जीव विटला होता. पहिल्या खेपेस एकदाच केलं, मंग सवय लागली. तू सगळ्यायले सांगत जाय, ती काय परकी हाये, अन मी तिथंच वह्या तपासत बसो."

मी ती चार प्यादी घरातून काढून पटाबाहेर ठेवली. ती बोलतच राहिली.

"दिवाळीत म्हटलं, पडनारच नाईत असे मोहरे करून आणू. तुह्यासाठीच आणले होते, देवाशपथ. पण तू इचारलं असतं, आपले काहून नाई? तं मी काय सांगू? हे जाऊ अशीच एक दिवस समोर येऊन बसली, म्हने मले शिकव. हिच्यासंग काही वाटत नाई. मोहरे पडत नाईत, अन हिचा माह्यावर भरोसाबी नाई."

जाऊ चहा घेऊन आली, ठेवून गेली. चहावर साय धरली. माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता आणि तो विचारायची मला भीती वाटत होती. शेवटी विचारला.

"पेढ्याचा डाव?"

तिनं मान वर केली नाही. "घोडा एक घर मांगं होता."

म्हणजे माझे डोळे चांगले होते. डॉक्टरांनी दोनदा पाहून सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही. स्वतःच्या डोळ्यांना खोटं पाडून मी हिच्या विजयाचे पेढे वाटले, आणि त्यातले दोन हिनं खाल्ले. मला आठवतंय, दोन खाल्ले. तिसरा घे म्हणून मीच आग्रह करत होते.

मी उठले. नवा पट वर्तमानपत्रातून काढलासुद्धा नव्हता. ती म्हणाली, "बस ना वं. हा आणला ना तू? एक डाव मांड." मी म्हटलं, "आता काय मांडू? कोणता डाव खरा होता ते तरी मले मालूम हाये काय?" पायरी उतरताना डब्यात मोहरे खडखडत होते. मागून तिनं माझं नाव घेऊन हाक मारली. मी वळले नाही, आणि वळले नाही याचा मला अजून पस्तावा नाही. थोडा आहे.

आता पट आणि मोहरे दोन्ही माझ्याच घरी आहेत. तिच्याकडेही दोन्ही आहेत. गुरुवारी चारला मला काही सुचत नाही, म्हणून मी एकटीच मांडून बसते. पहिल्याच दिवशी पेढ्याचा डाव मांडला, घोडा एक घर मागं ठेवून. तिथून मात होतच नाही. उलट तीन चालींत मी जिंकते. पुन्हा पुन्हा मांडून पाहिलं, दर वेळी जिंकले. आनंद काही झाला नाही.

पट फार चांगला आहे, चाचाला त्यात बोल नाही. आठवडेच्या आठवडे एकही मोहरा पडला नाही. परवाच्या गुरुवारी मात्र डबा सरकवताना माझ्या कोपराचा धक्का लागला आणि पांढरा उंट पडला. माझा हात आपोआप मागे झाला आणि मी समोर पाहिलं. समोर खुर्ची रिकामी होती. उंट तसाच आडवा पडून राहिला, आणि मी बराच वेळ त्याला हात लावला नाही. ती असती तर तिनं उचलून ठेवला असता, खोट्या घरात का होईना, आणि मी काही विचारलं नसतं.